लांडगा आला होता, खरंच!

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट तुम्हाला पहिल्यांदा कोणी सांगितली, आठवतंय का? बहुतेक आजीनं, नाहीतर पहिलीच्या बाईंनी. मेंढ्या राखणारा एक पोरगा गंमत म्हणून ओरडतो, गावकरी काठ्या घेऊन धावत येतात आणि पोरगा पोट धरून हसतो. असं दोनदा होतं. तिसऱ्यांदा लांडगा खरोखरीच येतो आणि मग कोणीच येत नाही. गोष्ट संपली की विचारतात, "मग काय शिकलात?" आणि आपण सगळे एका सुरात म्हणतो, "खोटं बोलू नये!"

पण दोस्तांनो, मेंढ्या होत्या कोणाच्या? त्या गेल्यावर त्यांचे पैसे कोणी भरून दिले? हे मात्र कोणी विचारत नाही. मीही इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारलं ते माझ्या मुलीनं, सईनं. ती सातवीत आहे आणि व्याज, नफा-तोटा वगैरे नुकतंच शिकली आहे, त्यामुळे हल्ली तिला सगळीकडे हिशेबच दिसतो.

तर झालं असं. आम्ही टिटवाळ्याला राहतो. टिटवाळा म्हटलं की लोकांना महागणपतीचं देऊळ, अंगारकीची रांग आणि खच्चून भरलेली लोकल आठवते. पण भाताची कापणी आटोपली की आमच्याकडे आणखी एक पाहुणा येतो. काळू नदीच्या बाजूला, गोवेली, रायते, खडवलीकडच्या मोकळ्या शेतांत मेंढ्यांचे कळप दिसायला लागतात. हे धनगर येतात घाटावरून. काही पुणे जिल्ह्यातले, काही अहिल्यानगर जिल्ह्यातले, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे. दिवाळीच्या सुमाराला तिकडचा चारा संपत येतो. मग बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, घाट उतरायचा आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत कोकणात हिंडायचं. शेतकरी त्यांना रात्री आपल्या शेतात मेंढ्या बसवायला सांगतात. रात्रभरात लेंडीखत आपसूक पडतं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. दोघांचाही फायदा! (आता शेतांच्या जागी इमारती उठताहेत, त्यामुळे मेंढ्यांना बसायला जागा कमी पडू लागली आहे, ते वेगळं.)

डिसेंबरातल्या एका रविवारी सई आणि मी असाच एक वाडा बघायला गेलो. वाडा म्हणजे पेशव्यांचा नव्हे हं! धनगरांच्या मुक्कामालाच वाडा म्हणतात. तीन बिऱ्हाडं होती. दोन घोडी, चार कुत्री, भांड्याकुंड्यांची एक पत्र्याची पेटी, आणि मेंढ्या असतील चारशेच्या आसपास. रात्री मेंढ्यांभोवती जाळी उभी करतात, तिला म्हणतात वाघर. लहान कोकरं दिवसभर डालग्याखाली झाकून ठेवलेली. संध्याकाळी मेंढ्या चरून परत आल्या आणि डालगी उचलली, तर काय गोंधळ माजला म्हणता! पन्नासेक कोकरं 'ब्यँ ब्यँ' करत सुटली आणि त्या एवढ्या गर्दीत प्रत्येकानं आपापली आई शोधून काढली. सई नुसती बघत राहिली.

वाड्याच्या कारभाऱ्याला तिनं विचारलं, "काका, तुम्ही लांडगा पाहिलाय?"

कारभारी हसला. "लांडगा बघितल्याबिगर धनगर व्हतो का कुनी?"

मग त्यानं सांगितलेली हकिकत अशी. आपल्या कोकणपट्टीत लांडगा सहसा नसतो. त्याला उघडा माळ लागतो, खुरटं गवत आणि बोरी-बाभळीची झुडपं. पारनेरच्या बाजूचा माळ, पुरंदर, बारामती, सोलापूर हा त्याचा मुलूख. तो येतो दिवेलागणीला किंवा पहाटे. "एकटा कवाच येत न्हाई. एक जन म्होरं दिसतो, मुद्दाम दिसतो बरं. कुत्री त्याच्या मागं धावत्यात. तंवर दुसरा मागल्या अंगानं येतो न् कोकरू उचलून पसार." मोठी मेंढी उचलून पळणं त्याला जड जातं, ती तो तिथंच मारतो. कोकरू मात्र तोंडात धरून सरळ निघून जातो. मागं काही राहत नाही. रक्ताचा थेंब मिळाला तर मिळाला.

घाट उतरण्याआधी त्याच्या वाड्यावर असंच झालं होतं. एक मेंढी मेली आणि दोन कोकरं गेली. तेव्हा सईनं विचारलं, "मग पैसे कोणी दिले?"

आता इथे मला थोडं थांबून तुम्हाला सरकारी नियम सांगावा लागेल. कंटाळू नका, सोपा आहे. लांडगा हा आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित प्राणी आहे. वाघाला जे संरक्षण तेच त्याला, म्हणजे पहिल्या अनुसूचीतलं. त्याला मारता येत नाही. साऱ्या भारतात मिळून लांडगे सुमारे तीन हजार, वाघांच्या संख्येच्या जवळपासच. मग मेंढी खाल्ली म्हणून लांडग्याला मारायचं नाही, तर मेंढीवाल्यानं काय करायचं? म्हणून सरकार नुकसान भरपाई देतं. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा, रानकुत्रे अशा प्राण्यांनी जनावर मारलं तर भरपाई मिळते. ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनानं ठरवलेल्या दरानुसार गाय, बैल, म्हैस यांच्यासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम. मेंढी-शेळीसाठी ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांतली कमी असेल ती.

सईनं लगेच हिशेब केला. मेंढी १२,००० रुपयांची असेल तर भरपाई ९,००० ची. म्हणजे ३,००० रुपये धनगराच्याच खिशातून गेले. आणि मेंढी गाभण असेल तर? पोटातल्या कोकराचा हिशेब यात वेगळा धरलेलाच नाही. तरीपण ९,००० काही कमी नाहीत, असं तिचं म्हणणं. ते खरंही आहे.

खरी मेख पुढंच आहे. भरपाई हवी असेल तर घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं. मेलेलं जनावर जागचं हलवायचं नाही. मग वनरक्षक किंवा वनपाल येतात, पंचनामा करतात. पंचनामा म्हणजे पंचांसमक्ष जागेवर जे दिसलं ते लिहून काढणं. दातांच्या खुणा बघतात, पायाचे ठसे बघतात. गुरांचे डॉक्टर किंमत ठरवतात. मग कागद पुढं जातात आणि पैसे बँकेच्या खात्यात येतात.

शेतकऱ्याच्या गोठ्यातली गाय बिबट्यानं मारली, तर हे सगळं जमण्यासारखं आहे. गोठा तिथंच असतो, शेतकरीही तिथंच असतो, शेजारी पंच म्हणून सही करतात. पण धनगराचं काय? चारशे मेंढ्या घेऊन तो आज इथं तर उद्या पाच मैलांवर. मेलेल्या एका मेंढीजवळ दोन दिवस बसून राहिला, तर जिवंत चारशे मेंढ्यांनी खायचं काय? म्हणून एका माणसाला मढ्याजवळ मागं ठेवायचं आणि बाकीच्यांनी पुढं चालायचं. तेवढा एक राखणदार कमी. आणि लांडग्याला नेमकं तेच हवं असतं!

शिवाय वाटेत हद्दी बदलतात. पारनेरच्या माळावर लांडगा, तिथलं वन कार्यालय वेगळं. पुढं जुन्नरकडे उसाच्या फडांतले बिबटे, तिथलं वेगळं. माळशेज घाट उतरून मुरबाडच्या रानात आलं की तिथंही बिबट्या आहेच, आणि कार्यालय पुन्हा वेगळं. (आपल्या कल्याणातसुद्धा नोव्हेंबर २०२२ मध्ये पूर्वेकडच्या एका इमारतीत बिबट्या शिरला होता, आठवतं ना?) अर्ज एका तालुक्यात, पासबुक दुसऱ्या जिल्ह्यात आणि माणूस तिसरीकडेच चालतोय.

कारभाऱ्यानं त्या वेळी अर्ज केला होता. वनरक्षक मोटारसायकलवरून अंधारातही आले, चांगलं बोलले, पंचनामा लिहिला. मेंढीचे पैसे काही महिन्यांनी खात्यात आले. पण कोकरांचे नाही आले. कारण कोकरं मेली, हे दाखवणार कसं? मढं नाही तर पंचनामा नाही, आणि पंचनामा नाही तर पैसे नाहीत.

"त्यांचं बी बराबर हाय म्हना," कारभारी म्हणाला. "उद्या कुनी बी येऊन म्हनंल, माझी दहा न्येली."

म्हणजे बघा, गोष्टीतला पोरगा खोटं बोलला आणि त्याची शिक्षा अजून खरं बोलणाऱ्या मेंढक्यांना भोगावी लागते आहे. कारभाऱ्याची बायको चुलीपुढं भाकरी थापत ऐकत होती. ती म्हणाली, "ताई, कोकरू गेलं ना, की त्याची आई रातभर वरडती. सकाळपातूर. तिला कशाला लागतोय पुरावा?"

हा पुराव्याचा घोळ फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. अमेरिकेत मोंटाना नावाचं राज्य आहे. तिथं मोठमोठी गुरांची कुरणं, त्यांना रँच म्हणतात. तिथल्या लोकांनी आणि सरकारनं मिळून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लांडगे जवळजवळ संपवून टाकले होते. पुढं कॅनडातून काही लांडगे आपल्या पायांनीच परत आले आणि १९९५ साली यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात तर सरकारनंच आणून सोडले. रँचवाले खवळले. तेव्हा डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ या संस्थेनं एक साधी गोष्ट केली. १९८७ पासून ही संस्था लांडग्यानं मारलेल्या वासरा-मेंढ्यांचे पैसे लोकांकडून देणग्या गोळा करून देऊ लागली. विचार असा की ज्यांना लांडगा आवडतो त्यांनीच त्याच्या जेवणाचं बिल भरावं! २०१० पर्यंत त्यांनी हे काम केलं, मग राज्य सरकारांनी ते हाती घेतलं.

पण तिथंही पैसे मिळायचे ते सिद्ध झालेल्या शिकारीचेच. आयडाहो राज्यातल्या काही शास्त्रज्ञांनी वासरांच्या कानांना रेडिओ लावून त्यांच्यावर पाळत ठेवली. २००३ मध्ये त्यांनी लिहिलं की लांडग्यानं मारलेलं एक वासरू सापडतं, तेव्हा न सापडलेली आणखी आठपर्यंत असू शकतात. म्हणजे एकाचा पंचनामा आणि आठांचा पत्ताच नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, कुत्र्यांची. माळावर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या हिंडतात, त्याही मेंढ्या फाडतात. पण कुत्रा काही वन्यप्राणी नव्हे! त्यानं मारलेल्या मेंढीला ही भरपाई नाही. त्यामुळे मढ्याच्या मानेवरच्या दातांच्या खुणा लांडग्याच्या की कुत्र्याच्या, यावर सगळं अवलंबून. दोघं एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा ना. ओळखणार कसं?

आता तुम्ही म्हणाल, इतकी कटकट असेल तर लोक लांडग्यालाच का संपवत नाहीत? संपवतात, कधी कधी. मढ्यावर विष घालतात. लांडग्याच्या बिळाच्या तोंडाशी धूर करून आतली पिल्लं मारतात. विष घातलेलं मढं लांडग्याबरोबर गिधाडं, घारी आणि धनगराची स्वतःची कुत्रीसुद्धा खातात, तो भाग वेगळाच.

आणि एक काळ असा होता की यासाठी बक्षीस मिळायचं. ब्रिटिशांच्या राज्यात लांडग्याचं मुंडकं किंवा कातडं कचेरीत नेऊन दाखवलं की पैसे मिळत. महेश रंगराजन या इतिहासकारांनी जुनी सरकारी दप्तरं तपासून अंदाज काढला आहे, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात ८०,००० हून जास्त वाघ, दीड लाखाच्या वर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले असावेत. दोन लाख! आज राहिलेत तीन हजार. तेव्हा सरकार मेलेल्या लांडग्याचे पैसे द्यायचं, आता मेलेल्या मेंढीचे देतं. शंभर वर्षांत एवढा फरक पडला, हे मला तरी थोडं नवलाचंच वाटतं.

सईचा पुढचा प्रश्न असा, की मेलेल्याचेच पैसे का द्यायचे? जिवंत लांडग्याचे का नाही?

गंमत म्हणजे हा विचार एका देशानं अमलात आणला आहे. स्वीडनच्या उत्तर भागात सामी नावाचे लोक रेनडिअर पाळतात. आपले धनगर मेंढ्यांमागं हिंडतात तसे ते रेनडिअरमागं हिंडत आले आहेत. तिथं वुल्व्हरिन नावाचं लहान अस्वलासारखं दिसणारं एक शिकारी जनावर आहे, ते रेनडिअर मारतं. बर्फात मेलेले रेनडिअर शोधत बसणं कोणाला शक्य आहे? म्हणून स्वीडननं १९९६ पासून हिशेबच उलटा केला. कुठल्या भागात वुल्व्हरिनची किती पिलावळ जन्मली ते मोजायचं आणि त्याप्रमाणे त्या भागातल्या सामींना पैसे द्यायचे. रेनडिअर मेले की नाही, किती मेले, कोणी विचारत नाही. त्यामुळे झालं काय, की वुल्व्हरिनचं बीळ सापडलं तर ते बुजवण्यापेक्षा जपण्यात फायदा!

आणि आपल्याच देशात, हिमाचल प्रदेशातल्या स्पिती खोऱ्यात किब्बर नावाचं एक उंचावरचं गाव आहे. तिथं हिमबिबट्या आणि लांडगा याक-घोड्यांची शिकार करतात. २००२ पासून तिथल्या गावकऱ्यांनी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेच्या मदतीनं गावाचाच विमा सुरू केला. प्रत्येकानं जनावरामागं थोडे पैसे भरायचे, संस्थेनंही भर घालायची. जनावर गेलं की गावचीच समिती ठरवते, भरपाई द्यायची की नाही. तिथं खोटं बोलून चालत नाही, कारण कोणाचं जनावर कुठं होतं ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

मी हे कारभाऱ्याला सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समितीला गाव लागतं ना, ताई. आमचं गाव तर असं पायाखाली सरकतंय."

यावर मला उत्तर सुचलं नाही. पण मला वाटतं, वाट तरी ठरलेली असते की! धनगरांच्या वाटा आणि मुक्काम कित्येक पिढ्या तेच आहेत. घाटाच्या तोंडाशी मेंढ्यांची मोजदाद करून वाड्याला एक पुस्तक दिलं, आणि कुठल्याही तालुक्यातल्या वनरक्षकानं त्याच पुस्तकात नोंद केली, तर? कोकरांसाठी मढ्याशिवायही काहीतरी ठरावीक रक्कम देता येईल. धनगर खोटं बोलेल या भीतीनं त्याला काहीच द्यायचं नाही, हे काही मला पटत नाही. तुमचे आई-बाबा कदाचित म्हणतील की यात लबाडीला वाव आहे. असेल. त्यांच्याशी घरी वाद घालून बघा.

एक मात्र बरं झालं आहे. २०२३ साली महाराष्ट्रानं या भरपाईसाठी कायदाच केला. पैसे देण्याला मुदत घातली आणि उशीर झाला तर व्याज द्यायचं ठरवलं. सईच्या व्याजाच्या धड्याचा उपयोग झाला म्हणायचा!

एवढं सगळं झाल्यावर मी विचारलं, "मग लांडग्याचा राग नाही येत तुम्हाला?"

"येतो की. काठी घिऊन धावतो म्या. पर त्याला बी पिल्लं असत्यात. थंडीत व्यालेली असती मादी. आन लांडगा न्हाई असा माळ म्या तरी बघितला न्हाई. असला माळ आपल्याला चालंल का, तेबी ठावं न्हाई." एवढं बोलून तो वाघर ताणायला उठला. राग आहे आणि नाहीही. आमच्या शहरी डोक्यात हे दोन्ही एकदम मावत नाही. दुसरा एखादा धनगर याच्या उलटही बोलेल, यात शंका नाही. ज्याची वीस मेंढरं एका रात्रीत गेली असतील, त्याच्यापुढं पिल्लांचं कौतुक सांगायला मी तरी जाणार नाही.

अंधार पडायला लागला होता. निघताना मला आठवलं, वनखात्याचा एक मदतीचा फोन नंबर आहे, १९२६. जखमी प्राणी दिसला, वणवा दिसला किंवा जनावर मारलं गेलं तर त्यावर कळवता येतं. कारभाऱ्याला तो माहीत नव्हता. त्याच्या खिशात मोबाइल होता, पण नंबर साठवून ठेवायचं काम मुलाचं आणि मुलगा मेंढ्यांमागं गेलेला. सईनं चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला आणि त्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं आकडे लिहिले.

"ह्यो नंबर घाटावर बी चालतोय?" त्यानं विचारलं.

"हो. सगळ्या महाराष्ट्रात."

"मंग मोठ्ठा लिव्ह, बाळा."